कलाकार्यशाळेत स्वयंसेवक म्हणून गेलं तर पॉटरी फुकट शिकता येते का?

तुम्ही लिहिलंय, नेरूळला राहता, नोकरी आहे, पॉटरीच्या क्लासची फी परवडत नाही. म्हणून शनिवार-रविवार ठाण्यातल्या एखाद्या सामाजिक कलाकार्यशाळेत स्वयंसेवक म्हणून जायचं आणि काम करता करता चाक शिकून घ्यायचं, हे जमेल का? घरी छोटं चाक घ्यावं का? आणि जाता जाता विचारलंय, ‘मातीत हवा राहिली की भांडं भट्टीत फुटतं म्हणतात, तर माती किती वेळ मळायची?’

फुकट शिकता येतं. चाक लगेच हाती लागत नाही, पण शिकता येतं. एवढंच लिहून थांबणार होतो, पण तुमच्या त्या शेवटच्या वाक्यापाशी अडकलो. ते वाक्य मी फार ऐकलंय आणि ते चूक आहे. भांडं हवेने फुटत नाही, पाण्याने फुटतं.

मी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात २६ वर्षं हीट ट्रीटमेंटला होतो. गिअर आणि शाफ्ट भट्टीत लावायचे, तापवायचे, तेलात बुडवायचे, हेच काम. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून ठाण्यातल्याच एका कार्यशाळेत जायला लागलो. नाव लिहीत नाही. आसपासच्या वस्त्यांतल्या मुलांना तिथे चित्रकला आणि मातीकाम फुकट शिकवतात, आणि मनापासून शिकवतात.

पहिले चार महिने माझ्याकडे बादल्या होत्या. मुलांनी मोडलेली, अर्धवट टाकलेली माती गोळा करायची, वाळवायची, पाण्यात घालायची, गाळायची, प्लास्टरच्या लादीवर पसरून घट्ट होऊ द्यायची आणि तिंबून पुन्हा गोळे बांधून ठेवायचे. अर्धवट ओला गोळा पाण्यात टाकला तर दोन दिवसांनीही तो गोळाच राहतो. तोच कडकडीत वाळवून टाकला तर बुडबुडे सोडत बघता बघता त्याचा चिखल होतो. मातीत पाणी कसं शिरतं आणि कसं निघतं, हे मला त्या बादल्यांपाशी बसून कळलं. तुम्हालाही तिथूनच सुरुवात करायला लावतील. ते काम टाळू नका. फक्त लादी खरवडताना प्लास्टरचा कण मातीत जाऊ देऊ नका, भाजलेल्या भांड्याचा त्या जागी काही दिवसांनी टवका उडतो.

मग भट्टी आली. कोणीतरी वापरलेली विजेची भट्टी देणगी दिली, थ्री फेजची, वरून झाकण उघडणारी. तिचं थर्मोकपल, म्हणजे आतलं तापमान मोजणारी तार, गेलेलं होतं. ते मी बदललं आणि ती माझ्याकडेच राहिली. दोन वर्षांत एकही भाजणी वहीत नोंद केल्याशिवाय गेली नाही. तारीख, बाहेरची हवा, किती वाजता किती अंश, काय तडकलं, कुठल्या थरावरचं तडकलं. त्या वहीचा मला आजही अभिमान आहे.

तेव्हा सातवीतला एक मुलगा कळव्याहून यायचा. त्यांची चाळ पाडून इमारत होणार होती. दारातलं आजीचं तुळशीवृंदावन त्यात जाणार, म्हणून तो तिच्यासाठी गॅलरीत मावेल असं मातीचं वृंदावन करत होता. वीतभर उंच, चारी बाजूंना कोनाडे. एका कोनाड्यात पणतीसाठी अंगठा दाबून खोलगट जागा केलेली, अंगठ्याच्या रेषा तशाच उमटलेल्या. तळ मात्र चांगला दोन बोटं जाड होता. मी म्हटलं, आतून थोडं कोरून काढू या. तर म्हणाला, “काका, हलकं झालं तर वाऱ्याने पडेल ना.” त्या तुळशीचा त्याने माझ्यापेक्षा जास्त विचार केला होता. मी तळ तसाच राहू दिला.

आषाढ होता. आठवडाभर पाऊस झोडपत होता. ठाण्यात जुलैत टॉवेल वाळत नाहीत, तिथे दोन बोटं जाडीची माती काय वाळणार? शुक्रवारी संध्याकाळी मी वृंदावन उचललं आणि तळ गालाला लावला. गार लागला. आतलं पाणी उडत असतं तोवर माती गार लागते, पुरती वाळली की तो गारवा जातो. गोरोबाकाकांचं थापटणं भाजलेल्या मडक्यासाठी, कच्च्यासाठी गालच खरा. मी शिकवणाऱ्या ताईंना सांगितलं, हे या खेपेला नको. त्या म्हणाल्या, “काका, रविवारी गुरुपौर्णिमेचं प्रदर्शन आहे, पालक येणार आहेत. त्याचंच तर मुख्य काम आहे. वरून सुकलंय ना? लावा तुम्ही.”

मी लावलं. निदान रात्रभर ८० अंशांवर ठेवू या म्हटलं, तर तेवढा वेळ नव्हता. तासाला १०० अंशांनी चढवत गेलो. बटण मी दाबलं, ते मी कुणापासून लपवत नाही.

दीड तासाने आतून ढप्प असा आवाज आला. कंट्रोलरवर १८० दिसत होते. मागोमाग दोन बारीक आवाज. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १,६०० पट जागा लागते. मातीची छिद्रं बारीक, त्यातून एवढ्या जाडीतली वाफ बाहेर यायला वेळ लागतो. तो वेळ दिला नाही की ती भिंत फोडून निघते. बाकीच्या मुलांची कामं आत होती, म्हणून भट्टी तशीच ९५० पर्यंत नेली. रविवारी सकाळी झाकण उघडलं तर वृंदावनाच्या तळाच्या चकत्या उडालेल्या, शेजारच्या सात पणत्या आणि वाट्या त्यांनी फोडलेल्या. एका कोनाड्याचा तुकडा तेवढा शाबूत होता, अंगठ्याच्या खुणेसकट छान भाजलेला. तो माझ्या कपाटात आहे.

प्रदर्शनात सगळ्या मुलांसमोर आणि पालकांसमोर ताई त्या पोराला म्हणाल्या, “बघ, माती नीट मळली नाहीस ना? हवा राहिली आत.” तो काही बोलला नाही. दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. मीही काही बोललो नाही, आणि तेच मला सलतं. कारण ती माती त्याने मळलीच नव्हती. तो गोळा मी तिंबून दिला होता.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग मी प्रयोग केला. चिकूएवढे आठ पोकळ गोळे. दोन छोट्या वाट्या तोंडाला तोंड लावून जोडायच्या, काठांवर ओरखडे काढून मध्ये पातळ माती लावायची, भोक कुठेही ठेवायचं नाही. आत कागदात गुंडाळलेली मातीची एकेक गोळी, म्हणजे ती भिंतीला चिकटत नाही. थोडक्यात, पोटात नुसती कोंडलेली हवा. चार गोळे आधी केले आणि रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलले. त्या पावसात वजन उतरायचं थांबायला १९ दिवस लागले. दुसरे चार भाजणीच्या फक्त तीन दिवस आधी केले. आठही एकाच भट्टीत, उपड्या कुंड्यांखाली झाकून, त्याच तासाला १०० अंशांच्या वेगाने.

ओल्या चारांपैकी तिघांचा भुगा झाला, चौथा उभा तडकला. वाळलेले चारही जसेच्या तसे निघाले. हलवले तर आतल्या गोळ्या वाजत होत्या. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात असेच भाजक्या मातीचे पोकळ खुळखुळे सापडलेत, आत मातीच्या गोळ्या घातलेले, चार हजार वर्षांहून जुने. त्यांच्या पोटात हवाच आहे. वाळलेल्या मातीची भिंत सच्छिद्र असते, हवा तिच्यातून सावकाश निघून जाते. तिला काही फोडावं लागत नाही.

मी वही, वजनं, भुगा, खुळखुळे सगळं ताईंसमोर ठेवलं. त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, “असेल काका. पण मुलांना मळायची सवय लागायला हवी ना.” मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. सवय लावायला खोटं कारण कशाला लागतं? मळायची खरी कारणं काय कमी आहेत? घाई आपण करायची आणि दोष बारा वर्षांच्या पोराच्या हातांना द्यायचा, हे मला सहन होत नाही. दोन महिन्यांनी मी ती जागा सोडली. एक खुळखुळा घेऊन कळव्याला गेलो होतो. मुलगा ट्यूशनला गेला होता. आजींना सांगितलं, तुमच्या नातवाची चूक नव्हती, माती मी मळली होती आणि भट्टीही मीच लावली होती. त्यांनी खुळखुळा कानाशी धरून हलवून बघितला. म्हणाल्या, “सांगते त्याला. पण त्याने परत मातीचं नाव काढलेलं नाही.”

म्हणून तुम्ही जिथे जाल तिथे पहिल्याच दिवशी भट्टीची वही बघायला मागा. वही नसेल तर तुम्ही सुरू करा, त्याला कुणी नाही म्हणत नाही. फुटलेल्या भांड्यांबद्दल तिथे काय बोलतात ते ऐका. कारण न शोधताच ‘हवा राहिली’ म्हणून मोकळे होत असतील तर दुसरी जागा बघा. चाक मुलं गेल्यावर अर्धा तास मिळतं, तेवढं पुरतं. नखं कापा, अर्धा किलोपेक्षा जास्त माती घेऊ नका, कोपरं मांडीला टेकवा आणि पहिले काही आठवडे भांडं करायचंच नाही, माती मध्यावर आणायची एवढंच करा. मला त्यालाच सहा आठवडे लागले. आणि हे मला त्याच ताईंनी शिकवलं, माझ्या मागे उभं राहून, एकदाही आवाज न चढवता. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं मी कुणी पाहिलं नाही, हेही लिहायला हवं.

दुसरं, माझं वाचून मळणं सोडू नका. चाकावर बुडबुडा बोटाखाली आला की भिंत थरथरते आणि भांडं वाकडं जातं. मऊ आणि कडक माती मळल्याशिवाय एकजीव होत नाही. शिवाय पोकळीत ओल साचलेली असेल तर फुटायला तिथूनच सुरुवात होऊ शकते. माती कापल्यावर आत भोकं दिसेनाशी झाली की मळून झाली, मिनिटं मोजू नका. आणि पुरतं वाळलेलं भांडंही घाईने तडकतं. ५७३ अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे कण, तापमान चढताना एकदम फुगतो, उतरताना आकसतो. म्हणून गार होणाऱ्या भट्टीचं झाकण उत्सुकतेपोटी उघडू नका.

शेड कोरड्या झाडूने झाडू नका, कुणी झाडत असेल तर थांबवा. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा. मुलं असतात तिथे तर यात तडजोड नकोच.

घरी चाक एवढ्यात नको. फ्लॅटमध्ये भट्टी कुठे लावणार? भाजायला कुणाकडे तरी जावंच लागेल, आणि कच्ची भांडी नेरूळहून लोकलने ठाण्याला न्यायची म्हणजे अर्धी वाटेतच जातील. त्यापेक्षा एखाद्या रविवारी धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन या. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची जुनी वस्ती आहे. गल्लीत वाळत लावलेली मडकी, पणत्या आणि कापसाच्या चिंध्यांवर पेटणाऱ्या भट्ट्या बघा. जमलं तर विचारा, पावसाळ्यात भट्टी लावायच्या आधी मडकं किती दिवस ठेवता. माझ्या वहीपेक्षा ते उत्तर जुनं आहे.

आणि सुरुवात जून ते सप्टेंबरमध्ये करणार असाल तर घरचा वजनकाटा पिशवीत टाका. जाड कामाच्या तळाला पेन्सिलने तारीख आणि वजन लिहीत जा. लागोपाठ तीन दिवस तोच आकडा आला की मग भट्टी.