लिअरपाशी मुक्काम कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. इंग्रजी घेऊन एम.ए.ला प्रवेश घेतल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण ‘चारशे वर्षांपूर्वीची नाटके वाचून आज काय मिळणार’ असे विचारतो, आणि त्याचे उत्तर तुला स्वतःलाही देता येत नाही, असे तू लिहिले आहेस. नोकरीपुरते बोलायचे तर अध्यापन, अनुवाद, संपादन या वाटा आहेत. त्यांची चौकशी तू केलीच असशील. माझ्या मनात आहे ते निराळे आहे. ‘अभिजात साहित्य’ या मोठ्या शब्दाविषयी मोघम बोलण्यापेक्षा तुझ्या अभ्यासक्रमातल्या शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या एकाच नाटकाविषयी लिहितो.

मी शिकलो त्या महाविद्यालयात हे नाटक आम्हाला वर्षभर होते, पण त्यातले एक पानही वर्गात मोठ्याने वाचले गेले नाही. आम्ही नोट्स उतरवून घेतल्या, लिअरच्या स्वभावातले दोष पाठ केले आणि चांगले गुण मिळवले. पुढे शिकवायची वेळ आली तेव्हा नाटक पहिल्यांदा मुळातून वाचले आणि पहिल्याच प्रवेशात अडकलो. ती अडचण अजून पुरती सुटलेली नाही, आणि त्या अडचणीनेच मला वाचायला शिकवले.

राज्याची वाटणी करताना म्हातारा राजा तिन्ही मुलींना विचारतो, की माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम कोणाचे? थोरल्या दोघी भरभरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, ‘नथिंग, माय लॉर्ड.’ हा तिचा सच्चेपणा, असे गाईड सांगून मोकळे होते. पण ती मानी आहे, की बापावर रागावली आहे, की भर दरबारात चाललेला प्रेमाचा हा लिलाव तिला असह्य झाला आहे? तिचे स्वगत उद्गार तिच्या प्रेमाची साक्ष देतात, या उत्तराच्या स्वराची नाही. कादंबरीत लेखक पुष्कळदा आपल्या कानाशी येऊन पात्राच्या मनातले सांगतो. नाटकात मात्र माणसे बोलतात, गप्प बसतात आणि निघून जातात, आणि त्यांच्या बोलण्यामागचे आपले आपण ओळखावे लागते. एका वर्षी वर्गात एका मुलीने हा ‘नथिंग’ इतक्या हळू उच्चारला, की मागच्या बाकांवर तो पोहोचलाच नाही. आणि लिअरचे संवाद वाचणाऱ्या मुलाने पुढचा ‘नथिंग?’ अगदी साधेपणाने, नीट ऐकू न आल्यासारखा विचारला. ऐंशी ओलांडलेला तो बाप त्या क्षणी रागावलेला नसून केवळ गोंधळलेला असू शकतो, हे इतकी वर्षे शिकवूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

याच प्रवेशात कॉर्डेलिया पुढे म्हणते, की मी तुमच्यावर माझ्या ‘बॉण्ड’प्रमाणे प्रेम करते, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. या शब्दापाशी तू थांबावेस अशी माझी फार इच्छा आहे. त्यात नाते आहे, कर्तव्य आहे, करारही आहे आणि बेडीही आहे. आपला ‘बंध’ आणि इंग्रजीतले ‘बाइंड’ हे क्रियापद एकाच प्राचीन मुळातून फुटले आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला ही गाठ आपल्या बाजूनेही चाचपता येते. पुढे लिअरचा सरदार ग्लॉस्टर म्हणतो, की बाप-लेकातला बॉण्ड तडकला आहे. त्याचा मुलगा एडमंड, ज्याला बापाशी काहीच देणेघेणे नाही, तोच या बंधाची थोरवी गातो. आणि चौथ्या अंकात भानावर येणारा लिअर कॉर्डेलियाला सांगतो, की मी आगीच्या चाकाला बांधलेला आहे. दरबारात मुलीने मोजून-मापून उच्चारलेला शब्द बापाच्या तोंडून असा परत येतो. हे गाईडमध्ये सापडत नाही, कारण ते सांगितल्याने कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या वाचनात ते आपोआप कानावर पडते.

तिसऱ्या अंकात ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात, तो प्रवेश वाचणे कठीण आहे, पण तो टाळू नकोस. एक डोळा गेल्यावर, ते काढणाऱ्या कॉर्नवॉलचाच, म्हणजे लिअरच्या जावयाचाच, एक नोकर पुढे येतो आणि म्हणतो, की लहानपणापासून मी तुमची चाकरी केली, पण आता तुम्हाला थांबवतो आहे, याहून मोठी सेवा मी कधी केली नाही. त्याला नाव नाही, वाट्याला जेमतेम आठ-दहा ओळी आहेत, आणि कॉर्नवॉलची बायको, लिअरची मधली मुलगी रीगन त्याला पाठीमागून मारते. पण कॉर्नवॉल मरतो तो त्याने केलेल्या घावानेच. 1608 मध्ये छापलेल्या पाठात त्यानंतर आणखी दोन नोकर बोलतात, आणि त्यातला एक म्हणतो, की मी जवसाचे तंतू आणि अंड्यातले पांढरे आणून या म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावतो. 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित मोठ्या ग्रंथात, हे बोलणे नाही. दोन पाठांत असे पुष्कळ फरक असल्यामुळे 1986 च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने ती दोन स्वतंत्र नाटके म्हणून छापली. अंड्याच्या त्या पांढऱ्यासह नाटक वाच, मग त्याविना वाच. त्याच क्रौर्याचा अर्थ कसा बदलतो ते पाहा. मला विचारशील, तर मी 1608 च्या बाजूने आहे.

शेवटाविषयी मात्र माझे मत उलट आहे. मेलेल्या मुलीला कवटाळून लिअर ‘नेव्हर’ हा शब्द फोलिओत पाच वेळा म्हणतो आणि ती अख्खी ओळ एवढीच आहे. 1608 च्या पाठात तो तीनदाच येतो. त्यानंतर लिअर कोणाला तरी गुंडी सोडायला सांगतो, आणि तेवढ्या दुःखातही आभार मानतो. फोलिओतला लिअर मरताना तिच्या ओठांकडे बोट दाखवून ‘तिथे पाहा’ म्हणतो. त्याला काय दिसले, हे कोणीच सांगत नाही. हा शेवट लोकांना सोसवला नव्हता. नेहम टेट या कवीने 1681 मध्ये नाटक बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवले आणि तिचे ग्लॉस्टरचा थोरला मुलगा एडगर याच्याशी लग्न लावून दिले. दीर्घकाळ लंडनची रंगभूमी त्याच आधारावर चालली, आणि टेटने काढून टाकलेला लिअरचा विदूषक 1838 मध्ये मॅक्रेडी या नटाच्या प्रयोगात परत आला. शेक्सपिअरच्या नाटकांची 1765 ची आवृत्ती काढणाऱ्या सॅम्युएल जॉन्सन या समीक्षकानेही लिहिले आहे, की कॉर्डेलियाच्या मृत्यूचा धक्का इतका होता, की संपादनाची वेळ येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचे धाडस आपण केले की नाही, हेही आठवत नाही. एवढा मोठा पंडित हे मोकळेपणाने मान्य करतो, तेव्हा तुला शेवट असह्य वाटला तर तो तुझ्या अभ्यासातला उणेपणा समजू नकोस.

हे सारे परक्यांचे आहे, असेही तुला ऐकावे लागते. आगरकरांनी 1883 मध्ये हॅम्लेट मराठीत आणले, तेव्हा शाळा उभारण्याइतकेच तेही काम त्यांना मोलाचे वाटले असणार. शिरवाडकरांचे 1970 चे ‘नटसम्राट’ लिअरच्या सावलीत उभे आहे, तरी त्यातला बाप पूर्णपणे आपला आहे. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ मुळाशेजारी उघडून ठेव आणि एक-एक ओळ ताडून पाहा. इंग्रजीइतकेच मराठीही त्यातून शिकशील.

या सत्रात दुसरे फारसे काही वाचू नकोस. प्रस्तावना शेवटी वाच. रोज एक प्रवेश मोठ्याने वाच, मैत्रीण मिळाली तर दोघींनी वाटून घेऊन वाचा. अडलेला शब्द कोशात पाहण्याआधी आपल्या अंदाजाने वहीत लिहून ठेव. माझ्या प्रतीत ‘बॉण्ड’शेजारी समासात मी आधी ‘कर्तव्य’ लिहिले होते. काही वर्षांनी ते खोडून ‘नाते’ केले. मुलीच्या लग्नानंतर तेही खोडले आणि आता ती जागा कोरी आहे. तू पहिला अंक संपवलास, की तुझा शब्द मला कळव.

तुझे,
सर