'तुंबाड' आणि 'भूत' सोडून, फारसे कुणी न पाहिलेले चांगले भयपट कोणते?

'तुंबाड' नको ही अट आवडली. नाहीतर सगळी उत्तरं तिथेच जाऊन थांबतात.

माझी खोड आधी सांगतो. भूत समोर आलं की माझी भीती संपते, मग फक्त मेकअप दिसतो. जिथे माणसं असायला हवीत तिथे कुणीच नाही, याने मात्र माझी खरी तंतरते.

म्हणून पहिलं नाव 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (1962). दिग्दर्शक हर्क हार्वी अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एका कंपनीसाठी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट करायचा. आयुष्यात कथापट एवढाच केला, तोही साधारण 33 हजार डॉलरमध्ये. मोटार पुलावरून नदीत कोसळते आणि त्यातून एकटी वाचलेली मेरी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरून दुसऱ्या गावी जाते. एवढीच गोष्ट सांगतो. एकदा ती दुकानात ड्रेस घालून बघत असते. ट्रायल रूममधून बाहेर येते तर आवाजच गायब! विक्रेतीला ती दिसतच नाही. रस्त्यावर येते, माणसं चाललेली, गाड्या चाललेल्या, पण सगळं मुकं. शेवटी बागेत एक पक्षी किलबिलतो आणि जगाचा आवाज परत येतो. ना रक्त, ना किंकाळी, आणि मी हेडफोन काढून स्वतःच्या घरातला पंखा ऐकू येतोय ना ते तपासलं. सिनेमा यूट्यूबवर फुकट आहे. अभिनय अधूनमधून लाकडी आहे, तेवढं चालवून घ्या.

तसाच रिकामेपणा राम गोपाल वर्माच्या 'रात'मध्ये (1992). सिनेमा बघायला गेलेली रेवती आणि बघता बघता ओस पडलेलं अख्खं थिएटर! आई रोहिणी हट्टंगडी, मांत्रिक ओम पुरी. शेवटाकडे धूर-बिर जास्तच होतो, पण पहिला अर्धा भाग 'भूत'पेक्षा सरस आहे असं माझं ठाम मत.

मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (1976). 'गोमू संगतीनं' प्रत्येक गॅदरिंगला वाजतं, पण ते असल्या सिनेमातलं आहे हे किती जणांना ठाऊक असतं? आशा काळेंसाठी बघा. शेवट आधी वाचू नका.

आणि 'लपाछपी' (2017 मध्ये प्रदर्शित). दिग्दर्शक विशाल फुरियानेच तो पुढे हिंदीत 'छोरी' नावाने केला, मग लोकांना कळलं. तुम्ही मूळचाच बघा. चहूबाजूंनी ऊस, डोक्याच्या वर वाढलेला, कुठूनही बघा सारखाच. पूजा सावंत पळत सुटते आणि आपल्यालाही कळेनासं होतं की ती घरापासून लांब चाललीय की परत घराकडेच. उषा नाईकांची तुळसाबाई तर इतक्या मायेनं बोलते की तिचं गोड बोलणंच नकोसं होतं. नायिका आठ महिन्यांची गरोदर दाखवली आहे, त्यामुळे घरात कुणी पोटुशी असेल तर तिला हा सिनेमा आत्ता दाखवू नका.