जुन्या कबरस्तानांत मुद्दाम फिरायला जाणाऱ्यांना तिथे नेमकं काय मिळतं? हे जरा विचित्र नाही का?

विचित्र आहे, मान्य. माझी आई अजूनही विचारते, "तठे काय शे तुनं?" (तिथे काय आहे तुझं?) आणि परत आलो की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. तरी मी जातो. का जातो ते सगळ्या कबरस्तानांबद्दल सांगता येणार नाही, मी राहतो त्या सुरतेतल्या दोन-तीन जागांबद्दल सांगतो.

मी मूळ भुसावळकडचा, पण वीस वर्षं सुरतेत. रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात हिशोब लिहितो. इथे आम्हाला मेहताजी म्हणतात. एका उन्हाळ्यात कतारगाम दरवाज्याकडे एका पार्टीकडे वसुलीला गेलो होतो. "शेठ जेवायला गेलेत, बसा," असं सांगितलं. हे जेवण दोन तास चालतं हे मला अनुभवाने ठाऊक होतं. बाहेर आलो, पुढे झाडं दिसली, भिंत दिसली, पुरातत्त्व खात्याचा फलक दिसला. सावली मिळेल एवढ्याच हिशोबाने आत शिरलो.

समोर घुमट. मला वाटलं कुणा नवाबाचा मकबरा असणार. दोन मजली, जाडजूड खांबांचा, चाळीसेक फूट उंच. तो निघाला ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन भावांचा. आधी धाकटा ख्रिस्तोफर ऑक्झिंडेन गेला, १६५९ मध्ये. दहा वर्षांनी मोठा, सर जॉर्ज, गेला आणि त्याच्यासाठी त्याच थडग्यावर आणखी मोठं थडगं चढवलं. इंग्रजांची ही कबर, पण बांधणी बघाल तर पक्की मुसलमानी. इथे व्यापार करायचा तर मोगलांच्या डोळ्यांत भरेल असं मरावंही लागत होतं बहुतेक.

जॉर्ज ऑक्झिंडेन हे नाव डोक्यात कुठेतरी होतं. घरी येऊन शोधलं तेव्हा लक्षात आलं. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले, सुरतेचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात लपून बसला, आणि इंग्रजांनी आपली वखार लढवून राखली. त्या वखारीचा प्रमुख हाच. शाळेत हा धडा आपण आपल्या बाजूने शिकतो (आणि का शिकू नये), त्यात इंग्रज म्हणजे एका ओळीचा मजकूर असतो. ती ओळ इथे झोपलेली आहे, पाच वर्षांनी मेली, आणि खाली तिचा भाऊ आहे. दहा वर्षांनी, १६७४ साली, रायगडावर राज्याभिषेकाला कंपनीचा वकील म्हणून नजराणा घेऊन जो उभा होता तो हेन्री, तोही ऑक्झिंडेनच. पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर होत्या, मला त्या एका घुमटाखाली जुळल्या.

पण मला खरं खेचलं ते त्या धाकट्याने. त्याचा मृत्युलेख लॅटिनमध्ये आहे. त्याचं भाषांतर मी नंतर वाचलं आणि खुर्चीत सरळ बसलो. अख्खा लेख हिशोबाच्या भाषेत आहे. मतलब असा: याला वहीत दिवस तेवढे मांडता आले, वर्षं नाही, कारण मृत्यूने अचानक हिशोब मागितला. मालकांनो, नफा किती झाला, तोटा किती झाला, विचारता? तुमचा एक नोकर गेला, आमचा सोबती गेला, याचा जीव गेला. पलीकडच्या पानावर मात्र तो लिहू शकतो, की मरण हा मला लाभ.

नावे आणि जमा! साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक मेहताजी, समोरासमोरच्या दोन पानांवर सोबती मांडतोय आणि ताळा जमत नाही म्हणून शेवटी धर्मग्रंथातलं वाक्य आणून जमेला टाकतोय. मार्च अखेरीस मीही असलं बरंच काही करतो. सुरतेत त्याहून योग्य मृत्युलेख कुठला असणार?

तिथून थोड्याच अंतरावर गुलाम फळियात डचांचं कबरस्तान आहे. तिथली सगळ्यात भव्य कबर व्हान रीड यांची. १६९१ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावर वारले, सुरतेत पुरले. दोन मजल्यांची अष्टकोनी इमारत आहे ती, आणि इंग्रजांच्या ऑक्झिंडेनला मागे टाकायलाच बांधली असं सांगतात. मेल्यावरची चढाओढ. मला त्यात रस वेगळ्याच कारणाने. हे गृहस्थ आधी मलबारात डचांचे प्रमुख होते आणि तिथल्या झाडापाल्यावर त्यांनी बारा खंडांचा 'होर्टुस मलबारिकुस' करवून घेतला. त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. डच साहेबाच्या कबरीपाशी उभा राहून मी रंगभटाचा विचार करत होतो. त्याची कबर असण्याचा प्रश्नच नाही.

आणि इथेच बहुधा तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आमच्या वडिलांना इथेच, अश्विनीकुमार स्मशानात, तापीकाठी अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी राख सावडली, तापीत सोडली, झालं. तीच तापी भुसावळवरून येते, त्यामुळे ते घरच्याच पाण्यात गेले असं आई म्हणते. मला ते पटतं, बदलावंसंही वाटत नाही. पण वडिलांना "भेटायला" म्हणून जायची एक फूटभर जागा जगात नाही. आजोबांच्या आधीच्या माणसांची तर नावंही आमच्या घरात कुणाला येत नाहीत. मग दुपारच्या वेळी कुणा परक्याच्या दगडाशी बसलं की ती जागा भाड्याने मिळाल्यासारखी वाटते. तुम्ही रडत नाही, कारण तो तुमचा कुणी नाही. घाईही करत नाही, कारण त्याला आता वेळच वेळ आहे.

डचांच्या शेजारी आर्मेनियनांचे दगड आहेत, जमिनीला टेकलेले, वर त्यांची लिपी. मला एक अक्षर कळत नाही. तिथे मी सगळ्यात जास्त बसतो.

जायचं असेल तर उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, म्हणजे घुमटांत कबुतरं असतात, माणसं नसतात. झिजलेली अक्षरं वाचायला दगडावर खडू किंवा पीठ घासू नका, दगड खराब होतो. मोबाइलचा दिवा दगडाच्या अगदी कडेला आडवा धरा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. कबरीवर बसू नका. पोरं तिथे क्रिकेट खेळत असतील तर खेळू द्या, चेंडू आला तर परत टाका.

त्या दिवशी मी दीड तासाने पार्टीकडे परत गेलो. शेठ जेवून आले होते, म्हणाले, पैसे सोमवारी. गेली सहा वर्षं मी त्यांचा सोमवार विचारायला कतारगामला स्वतःच जातो, पोऱ्याला पाठवत नाही.