आईला काचबिंदू आहे. मला नीट दिसतं, तरी तपासणी करावी का?

हो, चाळिशी उलटली असेल तर याच महिन्यात करा. आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असला की आपला धोका कित्येक पटींनी वाढतो. काचबिंदूत डोळ्याची नस खराब होत जाते. आधी कडेची नजर जाते, बहुतेकदा दुखत काहीच नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना तो असल्याचं ठाऊकच नव्हतं! मोतीबिंदूसारखं ऑपरेशननं दिसू लागेल, या भरवशावर कृपया राहू नका. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी बहुधा टिकवता येते. मात्र नुसतं डोळ्याचं प्रेशर नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, तेवढ्यानं काचबिंदू नाही असं ठरत नाही. डोळ्याची नस तपासून घ्या आणि फील्ड टेस्टही (कडेच्या नजरेची तपासणी) आवर्जून करून घ्या.