रायफलची काडतुसं घरी भरायला शिकायचंय, हात-डोळे शाबूत ठेवून सुरुवात कशी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मूळचे साताऱ्याकडचे, आता डॅलसजवळ राहता, ३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन (दर बाराला हाताने खिट्टी ओढायची) रायफल आहे आणि रेंजवरून गोळा केलेल्या रिकाम्या केसेसची, म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या पितळी नळ्यांची, बादली भरलीये. ओळखीचा एक जण जुना प्रोग्रेसिव्ह प्रेस (एका ओढीत अनेक कामं करणारं काडतुसं भरायचं यंत्र), अर्धा डबा पावडर आणि वर स्वतःचा 'हमखास चालणारा' पावडरचा आकडा असं सगळं स्वस्तात द्यायला तयार आहे. घ्यावं का?

प्रेस आत्ता घेऊ नका. अर्धा डबा फुकट दिला तरी नको. आणि आकडा ऐकून सोडून द्या.

मी मिशिगनमध्ये राहतो. कारखान्यात क्वालिटीमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातातच असतो. काडतुसं भरतोय त्याला अकरा वर्षं झाली. शिकवलं शेजारच्या आजोबांनी, तेही गॅरेजमध्ये, आणि पहिले तीन शनिवार त्यांनी मला पावडरच्या डब्याला हात लावू दिला नाही.

आधी आत काय होतं ते डोळ्यासमोर आणा. पितळी केसच्या बुडाशी प्रायमर, पोटात पावडर, तोंडावर बुलेट. पिन प्रायमरवर आपटली की ठिणगी पडते, पावडर पेटते आणि दाब चढतो. ३०८ साठी अमेरिकन उत्पादकांच्या संस्थेने, म्हणजे सामीने, ठरवलेली कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे. आपल्या घरातला कुकर शिटी देतो तेव्हा आत साधारण १५ पीएसआय असतो. म्हणजे चार हजार कुकरांचा दाब, आणि तुमचा गाल त्यापासून वीतभर अंतरावर. पितळ त्या क्षणी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या, भिंतीला घट्ट चिकटतं, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की थोडं आकसतं. सगळी सुरक्षितता त्या पितळावर आणि त्यातल्या पावडरच्या वजनावर उभी आहे.

वजन मोजतात ग्रेनमध्ये. ७००० ग्रेनचा एक पौंड, एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. हे डोक्यात बसत नसेल तर सोनाराकडे चला. ९६ गुंजांचा तोळा, आणि इंग्रजांनी १८३३ साली तोळा नेमका १८० ग्रेनचा ठरवला. आजीच्या डब्यातला राणीछाप रुपया त्याच वजनाचा. ३०८ साठी १८० ग्रेनची बुलेट मिळते, ती हातात घेतलीत की तुम्ही एक तोळा धरलेला असतो. एक गुंज दोन ग्रेनपेक्षा जराशी कमी भरते. आता मॅन्युअल उघडा: ३०८ च्या एखाद्या पावडरसाठी सुरुवातीचा आकडा आणि कमाल आकडा यांत साधारण चार ग्रेनचं अंतर दिसेल. दोन गुंजा! कोणाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका म्हणतो ते यासाठी. त्याची रायफल वेगळी, त्याच्या केसेस वेगळ्या, आणि ऐकताना तुमच्याकडून एक अंक इकडचा तिकडे झाला की संपलं.

म्हणूनच मीही इथे कुठल्याही पावडरचा आकडा देणार नाही. पहिली खरेदी पुस्तकाची करा: लायमन, हॉर्नडी, सिएरा यांच्यापैकी एकाचं चालू आवृत्तीचं मॅन्युअल. त्यातला आकडा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून बघा. सुरुवात खालच्या आकड्यापासून करा, एका पायरीला अर्ध्या ग्रेनपेक्षा जास्त चढू नका, आणि दिलेल्या सुरुवातीच्या खालीही जाऊ नका. कमी पावडर म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज रायफलच्या संथ जळणाऱ्या पावडरला लागू होत नाही.

त्या अर्ध्या डब्याबद्दल. पावडर रंगावरून, दाण्यावरून ओळखता येत नाही, मलाही येत नाही. डब्यावरचं लेबल काय म्हणतं याला तो डबा पहिल्यांदा तुम्ही उघडला असेल तरच किंमत. पिस्तुलाची झटकन जळणारी पावडर चुकून रायफलच्या केसमध्ये गेली तर रायफल फुटते, यात 'कदाचित' नाही. शिवाय नावांचा घोळ बघा: हॉजडनची एच ४३५०, आयएमआर ४३५० आणि अ‍ॅक्युरेट ४३५०. आकडा तिन्हींचा एक, पण पावडरी तीन आणि प्रत्येकीचा तक्ता वेगळा. आमच्या आजोबांचा नियम होता: टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि काम संपलं की मापकात उरलेली पावडर त्याच क्षणी त्याच डब्यात परत. मी एकदा मापकाचा हॉपर (पावडर भरायचं नळकांडं) तसाच भरलेला ठेवून झोपायला गेलो. आठवड्याने त्यात कुठली पावडर आहे ते मला 'नक्की' आठवत होतं. त्यांनी काही न बोलता सगळी अंगणात नेऊन गवतावर पसरली.

आठवणीवर काम करायचं नाही, हे मला तेव्हाही पुरतं कळलं नव्हतं. कळलं पुढच्या वर्षी.

गणपतीच्या आधीची रात्र होती. ट्रेमध्ये पन्नास केसेस, मी एकेकीत पावडर ओतत होतो आणि आईचा फोन आला. वीस मिनिटं बोललो. परत बसलो आणि जिथे थांबलो होतो असं वाटलं तिथून पुढे सुरू केलं. रेंजवर सतराव्या की अठराव्या काडतुसाला धडाड ऐवजी नुसतं 'टक्' झालं. हात बोल्टवर गेला, तेवढ्यात आजोबांनी मनगट धरलं. नळी समोरच्या बांधाकडे, मनातल्या मनात तीस आकडे मोजायचे, कारण कधीकधी प्रायमर उशिराने पेटतो. मग बोल्ट उघडला. केस बाहेर आली, काळपट, आणि तोंड रिकामं. बुलेट नव्हती. प्रायमरच्या एकट्याच्या जोरावर ती नळीत जाऊन बसली होती. पुढचं काडतूस मी घाईत ढकललं असतं आणि ते बसलं असतं, तर हे उत्तर लिहायला बोटं किती असती कोण जाणे. त्या दिवशी रायफल गनस्मिथकडे गेली आणि मी मान खाली घालून घरी.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. रिकाम्या केसेस ट्रेमध्ये उपड्या. एक उचलायची, सरळ करायची, वजन केलेली पावडर ओतायची, सरळच ठेवायची. उपडी ती रिकामी, सरळ ती भरलेली, डोक्याला काम नाही. पन्नास झाल्या की टॉर्च घेऊन वरून प्रत्येकीत बघायचं. पावडरची पातळी एकसारखी दिसते, एखादी खाली-वर असली की लगेच डोळ्यात भरते. ३०८ चं एक बरं आहे, योग्य पावडरने केस बरीचशी भरते, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तर ती सांडते. पिस्तुलाच्या केसमध्ये दुप्पट गुपचूप मावते. मध्येच कोणी हाक मारली, फोन वाजला, तर तो सगळा ट्रे डब्यात परत ओतायचा आणि पहिल्यापासून. बायकोला हे माहीत आहे, ती गॅरेजचं दार वाजवत नाही.

यासाठीच सिंगल स्टेज प्रेस म्हणतो. एका वेळी एकच डाय (केसला आकार देणारा किंवा बुलेट बसवणारा साचा), एकच काम. प्रोग्रेसिव्हमध्ये हँडल एकदा ओढलं की चार-पाच ठिकाणी चार-पाच कामं एकदम होतात, आणि नवख्याला त्यातलं एकही धड दिसत नाही. मशीन वाईट नाही, पाच-सहाशे काडतुसं हाताने भरून झाली की खुशाल घ्या.

आता तुमची बादली. ओतून निवडायला बसा, तांदूळ निवडतो तसं. भेगा पडलेल्या, तोंड चेपलेल्या बाजूला. आतून बघा: बुडाला मधोमध एकच भोक असेल तर बॉक्सर, ती आपल्या कामाची. दोन बारीक भोकं असतील तर बर्डन, ती भंगारात, नाहीतर जुना प्रायमर काढणारी डायची पिन मोडेल. लष्करी ७.६२ च्या केसेस वेगळ्या ठेवा. त्यांचं पितळ बहुधा जाड असतं, आतली जागा कमी, म्हणून तेवढ्याच पावडरला दाब जास्त येतो. प्रायमरभोवती दाबून बसवलेली कडही असते, ती काढावी लागते.

मग बुडापासून थोडं वर बाहेरून बघा. चकचकीत गोल रेघ दिसते का? पेपरक्लिप सरळ करा, टोकाला छोटा आकडा वळवा आणि आतून त्या जागी खरवडत आणा. खाच लागली तर केस तिथे पातळ झालीये, पुढच्या वेळी उडवताना तिचे तिथून दोन तुकडे होणार. रेंजवरच्या अनोळखी केसेसचा हाच धोका, किती वेळा भरल्यात कोणाला ठाऊक. मी तुमच्या जागी असतो तर पहिली शंभर नवी काडतुसं विकत घेऊन, स्वतःच्या रायफलमधून उडवून, त्याच केसेस वापरल्या असत्या.

ही रेघ पुष्कळदा आपल्याच हाताने येते. साइझिंग डाय (फुगलेली केस पुन्हा मापात आणणारा) प्रेसमध्ये गरजेपेक्षा खाली बसवला की केसचा खांदा, म्हणजे बुलेट धरणाऱ्या मानेखालचा उतार, जास्त मागे ढकलला जातो, बार उडाला की ती तेवढी पुन्हा ताणते, आणि ताण बुडाजवळ पडतो. बोल्ट अ‍ॅक्शनला खांदा दोन हजारांश (०.००२) इंच मागे गेला तरी पुष्कळ. मोजायला कंपॅरेटर मिळतो, तो घ्याच. वंगण नेमकं लावा: कमी पडलं तर केस डायमध्ये अडकते, फार झालं तर खांद्यावर खळगा. साइझ केल्यावर लांबी मोजा. ३०८ ची कमाल २.०१५ इंच, मी २.००५ वर कापतो. मान लांब राहिली तर ती चेंबरच्या टोकाला चिमटते, बुलेट सुटायला अडते आणि दाब भलताच चढतो.

प्रायमर केसच्या बुडाच्या किंचित आत गेला पाहिजे, बोट फिरवून कळतं. तो बसवताना चष्मा हवाच. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवा, बरणीत ओतून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत, एक पेटला तर बरणीभर पेटतात. पावडर मूळ डब्यात, थंड-कोरड्या जागी, लाकडी कपाटात. बंद लोखंडी पेटीत नको: धूरविरहित पावडर मोकळी असली तर भडकून जळते, कोंडली की स्फोट. इथली अग्निसुरक्षा संहिता घरात मूळ डब्यांमध्ये २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमर चालवून घेते, पण तुमच्या शहराचे नियम वेगळे असू शकतात, विचारून घ्या. डबा उघडल्यावर आंबूस वास आला किंवा लालसर भुकटी दिसली तर ती पावडर गेली. आणि हो, एक दारू भरताना दुसरी घ्यायची नाही.

प्रायमरच्या राखेत शिसं असतं. केसेस साफ करणाऱ्या टंबलरची धूळ घरात, मुलांच्या आसपास नको. काम झालं की गार पाण्याने साबण लावून हात धुवा, मगच चहा.

रेंजवर बोल्ट उचलायला जड जातोय, केसच्या बुडावर चकाकता ठसा उमटलाय, प्रायमर सपाट झालाय, यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबा. उरलेली काडतुसं घरी नेऊन बुलेट पुलरने उकला, वाया गेली म्हणून उडवायची नाहीत. खुणा दिसेपर्यंत दाब आधीच जास्त झालेला असतो.

स्वतःसाठी भरायला इथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला लागतो, मित्राकडून चार डॉलर घेतले तरी. भारतात वाचणाऱ्यांनी मात्र हे करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रं येतात, आणि परवान्याविना बनवणं गुन्हा आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक आणल्यावर आमच्या कोल्हापूरकडच्या भाच्यानेही मला विचारलं होतं. त्याला सांगितलं, अरे स्वप्निलच्या त्या पॉइंट टू टूच्या (.२२) काडतुसाचा प्रायमर बुडाच्या कडेतच भरलेला असतो, ते एकदा उडालं की परत भरायचा प्रश्नच येत नाही.

याच संदर्भात, गावी जाताना रेंजवर नेलेली बॅग वापरू नका. मागच्या डिसेंबरात निघायच्या आदल्या रात्री जॅकेटच्या आतल्या खिशात एक रिकामी केस सापडली मला. मुंबई विमानतळावर ती निघाली असती तर लग्न भाच्याचं आणि वरात माझी.

केसेस निवडून झाल्या की लांबीची मापं इथे टाका, बघून सांगतो. पावडरचा आकडा सोडून काहीही विचारा.