प्रोसेक्को या फेसाळ वाइननंतर इटलीतील पारंपरिक पद्धतीच्या फेसाळ वाइन चाखायच्या असतील, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर इटलीच्या लोम्बार्दी प्रांतातील फ्रांचाकोर्ता या वाइनपासून करावी, असे मी सुचवेन. प्रोसेक्कोचे दुसरे किण्वन (वाइनला बुडबुडे देणारी आंबवण्याची क्रिया) बहुधा मोठ्या बंद टाकीत होते, तर ‘मेतोदो क्लासिको’ या पारंपरिक पद्धतीत ते बाटलीतच घडते आणि वाइन यीस्टच्या गाळावर, फ्रांचाकोर्ताच्या बाबतीत किमान १८ महिने, मुरत राहिल्यामुळे तिला भाजलेल्या पावासारखा गंध येतो. त्यातील ‘सातेन’ हा केवळ पांढऱ्या द्राक्षांचा, कमी दाबाचा प्रकार (बुडबुडे अगदी मऊ असतात) नवख्यालाही मानवतो. पुढे डोंगराळ त्रेन्तो, जेथे वाइननिर्माते जूलिओ फेर्रारी यांनी १९०२ मध्ये ही पद्धत रुजवली, आणि मग प्येमोन्ते प्रांतातील किमान ३० महिने मुरवलेली आल्ता लांगा चाखावी. पेला अरुंद नसावा, आणि वाइन बर्फासारखी गार करू नये, कारण त्यामुळे गंध दबतो; ८ ते १० अंश सेल्सिअस पुरेसे आहे.