शहराची करसवलत घेणाऱ्या प्रकल्पांना निर्वाह वेतनाची सक्ती केली तर रोजगार पळून जातात का?

तुमचा प्रश्न अमेरिकेतल्या शहरांबद्दल आहे: बिल्डरला सवलत देताना 'कामगारांना निर्वाह वेतन (म्हणजे किमान वेतनापेक्षा जास्त, घरखर्च भागेल इतका पगार) द्या' अशी अट घातली तर गुंतवणूकदार पाठ फिरवत नाहीत का? माझ्या मते अट घालायलाच हवी. मात्र दर किती ठरला यापेक्षा ती कोणाकोणाला लागू होते, ते आधी बघा.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्क्स भागात किंग्सब्रिज आर्मरी नावाची जुनी, अवाढव्य लष्करी इमारत आहे. तिथे सरकारी सवलतींवर मॉल उभा राहणार होता. स्थानिक संघटनांनी मागणी केली की तिथल्या कामगारांना ताशी 10 डॉलर आणि वर आरोग्य विम्यासारखे लाभ मिळावेत. लाभ नसतील तर 11.50 डॉलर. तेव्हा किमान वेतन होतं 7.25 डॉलर. आठवड्याला 40 तास, वर्षभर एकही खाडा न करता राबलं तरी हातात 15,080 डॉलर, तेही कर कापायच्या आधी. एवढ्यात न्यूयॉर्कमध्ये घर चालत नाही, मग सरकारी अन्नसाहाय्य घ्यावं लागतं. म्हणजे करदात्याने आधी बिल्डरला पैसे द्यायचे आणि मग त्याच इमारतीत राबणाऱ्याचं पोटही भरायचं. हे मला मुळीच पटत नाही.

बिल्डर अडून बसला आणि डिसेंबर 2009 मध्ये सिटी कौन्सिलने 45 विरुद्ध 1 मतांनी प्रकल्प फेटाळला. 'ना मॉल, ना नोकऱ्या' हा या अटीच्या विरोधकांचा टोला तेव्हापासूनचा, आणि त्यात तथ्य आहे: नंतर निर्वाह वेतन मान्य करून मंजूर झालेलं आइस रिंकही तिथे उभं राहिलं नाही. पण ते अडलं भांडवल उभं न राहिल्याने.

2012 मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांचा नकाराधिकार डावलून शहराने कायदा केला: 10 लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मदत घेणाऱ्याला निर्वाह वेतन बंधनकारक. ग्यानबाची मेख मात्र इथेच होती, कारण तडजोडीत भाडेकरू वगळले गेले. मॉल बांधून झाला की बिल्डरच्या स्वतःच्या पगारपत्रकावर माणसं राहतात किती? काउंटरवरची मुलगी दुकानदाराची नोकर, आणि दुकानदार तर भाडेकरू. जिच्या नावाने सगळा लढा झाला, तीच कायद्याबाहेर! 2014 मध्ये महापौर डी ब्लासिओ यांनी आदेश काढून व्यावसायिक भाडेकरूंनाही त्यात आणलं आणि लाभ नसतील तर दर 13.13 डॉलर केला.

रोजगाराचं म्हणाल, तर 2010 मध्ये विल्यम लेस्टर आणि केन जेकब्स या संशोधकांनी अशी अट असलेल्या 15 शहरांची तुलना अट नसलेल्या 16 शहरांशी केली. एकूण रोजगारात घट दिसली नाही. डेव्हिड न्यूमार्क यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ मात्र म्हणतात की कमी कौशल्याच्या काही नोकऱ्या जातात. मला पहिली बाजू जास्त पटते. मोक्याची जागा हवी असलेला दुकानदार ताशी दोन-तीन डॉलरसाठी दुसऱ्या शहरात जात नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक याच शहरात असतं. कारखाना किंवा गोदाम सहज हलू शकतं, तिथे हा धोका मीही मानतो.